पोवळ्यातल्या जीवाचं सोलापूरला काय?

“अण्णा, इथं नळाला चार दिवसांनी पाणी येतंय की. आणि तुम्ही समुद्रातल्या पोवळ्यात राहणारे किडे बघत बसलाय! त्याचा आपल्याला उपयोग काय?”

हा प्रश्न माझ्या चुलतभावाचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचे माग आहेत. त्याने तो चिडून विचारला नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं, म्हणूनच मला तो टाळता आला नाही. 31 वर्षं मी प्राणिशास्त्र शिकवलं. तेवढ्या काळात हाच प्रश्न पालकांनी विचारला, संस्थाचालकांनी विचारला, आणि शेवटी शेवटी पहिल्या वर्षाची पोरंही विचारायला लागली. माझं म्हणणं असं की, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शास्त्राला हा प्रश्न दारातच विचारणं चुकीचं आहे, आणि त्या चुकीची झळ मुंबई-पुण्यापेक्षा सोलापूरसारख्या जिल्ह्याला जास्त बसते. पण ते पटवून द्यायचं तर मला पोवळ्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

पोवळं म्हटलं की आपल्याकडे मंगळाची अंगठी आठवते. सराफाकडचं ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, आणि ते समुद्रात भिंती बांधत नाही. भिंती बांधणारं प्रवाळ वेगळं. तोही प्राणीच. पॉलिप नावाची इवलीशी पिशवी, तिला एकच तोंड, तोंडाभोवती बोटांसारखे तंतू. अशा हजारो पिशव्या शेजारी शेजारी बसून चुन्याचे सांगाडे रचत जातात आणि पिढ्यानपिढ्यांच्या सांगाड्यांची प्रवाळभिंत होते. समुद्रतळाचा एक टक्काही भाग या भिंतींनी व्यापलेला नाही, पण सागरी जीवांच्या सुमारे पाव जातींचा त्यांच्याशी संबंध येतो. पॉलिपच्या शरीरात सूक्ष्म शैवाळ राहतं. ते उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. पाणी फार तापलं की ही भागीदारी मोडते, शैवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. इतकं आता शाळेच्या पुस्तकातही असतं.

पुस्तकात नसतो तो दुसरा भाडेकरू. पॉलिपच्या पोटाच्या पोकळीत पडद्यासारख्या घड्या असतात. त्या घड्यांच्या कडेच्या पेशींमध्ये तो राहतो. 1986 साली कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळांत अशा एका जीवाची पहिली नोंद झाली आणि त्याला जेमोसिस्टिस असं नाव मिळालं. त्यानंतर बरीच वर्षं कुणी त्याच्याकडे फारसं वळून पाहिलं नाही. 2019 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या वाल्डन क्वाँग, पॅट्रिक कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की, या कुळातले जीव जगातल्या सुमारे 70 टक्के प्रवाळांत आहेत. त्यांनी या कुळाला कोरॅलिकोलिड म्हटलं, म्हणजे प्रवाळात वस्ती करणारे. प्रवाळाच्या आत राहणाऱ्या केंद्रकधारी सूक्ष्म जीवांत संख्येने पहिला नंबर त्या शैवाळाचा, आणि दुसरा यांचा.

आता ज्या गोष्टीने मला रात्री जागं ठेवलं ती सांगतो. या जीवाच्या पेशीत हरितलवकाचा, म्हणजे वनस्पतीच्या पेशीत उन्हावर अन्न बनवणाऱ्या भागाचा, अवशेष आहे. त्यात प्रकाशापासून अन्न बनवणाऱ्या यंत्रणेची जनुकं उरलेली नाहीत, सगळी गेलीत. पण हरितद्रव्य बनवायला लागणारी चार जनुकं मात्र जशीच्या तशी जपलेली आहेत. माझ्या भावाला मी हे त्याच्याच भाषेत सांगितलं. समज, एखाद्याने चादरीचा धंदा बंद केला, माग भंगारात विकले, शेड रिकामी केली. पण मागाला नक्षी सांगणारे, जेकॉर्डचे भोकं पाडलेले चार पत्ते मात्र तेल लावून, कापडात गुंडाळून, वर्षानुवर्षं जपून ठेवले. का ठेवले? माग नसताना त्या पत्त्यांचं तो काय करत असेल? भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “त्याचा दुसराच कायतरी वापर असणार. उगं कोण जपतंय?” जगभरातल्या संशोधकांचाही कयास नेमका हाच आहे. यंत्रणा नसताना नुसतं हरितद्रव्य बनवणं पेशीच्या जिवावर बेतू शकतं, कारण उजेडात ते पेशीला जाळतं. तरीही ती जनुकं टिकून आहेत, आणि जिथे सूर्यप्रकाश पोचतच नाही अशा खोल समुद्रातल्या प्रवाळांतही या कुळातले जीव सापडलेले आहेत. कोडं अजून सुटलेलं नाही.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, गोष्ट सुरस आहे, पण सोलापूरचा संबंध कुठे आला? संबंध आमच्या गोठ्यात आहे.

1994 साली मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलांनी कर्ज काढून पहिली जर्सी संकरित गाय आणली. पाऊस उघडल्यावर एका सकाळी ती वैरणीला तोंड लावेना. अंग भट्टीसारखं तापलेलं, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली, दूध एकदम निम्म्यावर. उपचार करणाऱ्याने न्यूमोनिया समजून तीन दिवस सुया दिल्या. चौथ्या दिवशी मी शहरातून आलो, तिच्या कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर ओढला, ती पट्टी खिशात घालून एसटीने परत सोलापूरला आलो आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जिम्सा रंगात बुडवली. तेलाच्या भिंगाखाली जे दिसलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. फिकट गुलाबी तांबड्या पेशी, आणि त्यांतल्या कितीतरी पेशींच्या पोटात एकेक इवलीशी निळसर अंगठी, अंगठीच्या कडेला जांभळा ठिपका. कुठे अंगठी, कुठे स्वल्पविराम. थायलेरिया. आपल्याकडे ज्याला गोचीड ताप म्हणतात तो. त्यावरचं बुपार्वाक्वोन तेव्हा बाजारात मिळत होतं. मी ते घेऊन गावी पोचलो त्याच्या आदल्या रात्रीच गाय गेली होती. वडील काही बोलले नाहीत, नुसतं दावं गुंडाळत बसले होते.

त्या काचपट्टीवरची अंगठी आणि प्रवाळाच्या पोटातला तो भाडेकरू एकाच घराण्यातले आहेत. शास्त्रात या घराण्याला एपिकॉम्प्लेक्सा म्हणतात. माणसाचा मलेरिया याच घराण्यातला. मांजरीवाटे पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा याच घराण्यातला. कोंबड्यांच्या पिलांची आणि करडांची रक्ती हगवण याच घराण्यातल्या जीवांमुळे होते. उस्मानाबादी शेळ्या पाळणाऱ्या कुणालाही विचारा, पावसाळ्यात करडं कशी पटापट जातात ते. हजारो जातींचं हे घराणं जवळपास सगळंच्या सगळं दुसऱ्याच्या शरीरात राहून जगतं. आणि त्यातल्या बहुतेकांच्या पेशीत हरितलवकाचा तोच मोडका अवशेष आहे. म्हणजे यांचा पूर्वज एके काळी उन्हात स्वतःचं अन्न स्वतः शिजवणारा होता.

हा शोध कसा लागला ते मुद्दाम सांगायला हवं, कारण माझ्या भावाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. मलेरियाच्या जंतूत डीएनएचं एक छोटं वर्तुळ असतं, हे 1970 च्या दशकातच दिसलं होतं, आणि तेही पक्ष्यांच्या मलेरियात. ते मायटोकाँड्रियाचं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचं असणार, असं सगळ्यांनी धरून चालायला सुरुवात केली. काही चिकट माणसांनी ते वाचत नेलं तेव्हा त्यातली जनुकं वनस्पतीच्या हरितलवकाशी जुळायला लागली. 1996-97 मध्ये पक्कं झालं की मलेरियाच्या जंतूच्या पोटात वनस्पतीचा तुकडा आहे. तेव्हा कुठे एक जुनं कोडं उलगडलं. डॉक्सिसायक्लिन, क्लिंडामायसिन ही औषधं मुळात जिवाणूंवरची, मग ती मलेरियावर का चालतात? कारण हरितलवकं मुळात जिवाणूंपासूनच आलेली, आणि ही औषधं त्या अवशेषावरच घाव घालतात. घाव बसलेला जंतू आपली फेरी पूर्ण करतो, त्याची पिलं मात्र मरतात. म्हणून ही औषधं हळू चालतात, आणि झटपट मारणाऱ्या औषधाच्या जोडीने द्यावी लागतात. यातलं काहीही ‘मलेरियावर औषध शोधा’ अशा आदेशावरून सापडलेलं नाही. कुणाला तरी एका निरुपयोगी दिसणाऱ्या वर्तुळाचा छडा लावायचा होता, एवढंच.

पण हा वनस्पतीचा तुकडा आला कुठून, यावर वाद होताच. तो मिटवायला मदत केली ती पुन्हा प्रवाळानेच. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बंदरातल्या एका प्रवाळातून क्रोमेरा नावाचा जीव मिळाल्याचं जाहीर झालं. मलेरियाच्या जंतूचा हा चुलत नातेवाईक, पण अजून चक्क उन्हात अन्न तयार करणारा. एका टोकाला क्रोमेरा, दुसऱ्या टोकाला मलेरिया आणि आपला थायलेरिया, आणि मधल्या वाटेवर चार पत्ते जपून बसलेला हा प्रवाळवासी. स्वतंत्र जगणारा जीव परावलंबी कसा होतो, काय टाकतो, काय ठेवतो, हे या साखळीत जितकं स्पष्ट वाचता येतं तितकं दुसरीकडे क्वचितच. आणि तो जे टाकू शकत नाही, तिथेच औषधाचा घाव बसतो.

आपल्याच भागातली एक जुनी गोष्ट आठवते. सोलापूरहून वाडीमार्गे गाडी सिकंदराबादला जाते. त्या सिकंदराबादेत 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉसला डासाच्या जठरावर मलेरियाच्या गाठी दिसल्या. हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापुढचं फार थोड्यांना ठाऊक असतं. डासातून मलेरिया पसरतो हे त्याने पुढच्या वर्षी कलकत्त्यात पुराव्यानिशी सिद्ध केलं ते पक्ष्यांच्या मलेरियावर. चिमण्यांच्या आजारावर सरकारी वेळ कशाला घालवता, असं म्हणून तेव्हा कुणी ते काम थांबवलं असतं तर?

आता मुद्द्याचं. परजीवी हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. प्रवाळातला हा जीव प्रवाळाला नक्की काय करतो, हे शास्त्राला अजून ठरवता आलेलं नाही. ठणठणीत प्रवाळातही तो सापडतो. म्हणून काही जण म्हणतील, नुकसान करत नाही ना, मग सोडून द्या. मला इथे आमची खिल्लार आठवते. गोचीड खिल्लारलाही चावतात, थायलेरिया तिच्या रक्तातही जातो. पण देशी गाय तो बऱ्याच अंशी पचवते, आणि शेजारच्या दाव्यावरची संकरित गाय आठवड्यात मरते. जंतू तोच, गोचीड तीच. जंतू घातक की निरुपद्रवी, हे नुसत्या जंतूवर ठरत नाही. तो कुणाच्या अंगात आहे आणि ते अंग त्या घडीला कशा अवस्थेत आहे, यावर ठरतं. मग समुद्र तापल्यावर, शैवाळ सोडून गेल्यावर, उपाशी पडलेल्या प्रवाळात हा शांत भाडेकरू कसा वागेल? हे कळायचं तर प्रवाळ निरोगी असताना त्याची ओळख करून घ्यावी लागते. आजारी पडल्यावर काढलेल्या एकट्या स्लाइडवरून काही कळत नाही. आधीची स्लाइड हातात नसेल तर फरक कशाशी करायचा?

आणि आता वेळ फार उरलेला नाही. 1998, 2010, 2016 या वर्षी लक्षद्वीपच्या प्रवाळांना उष्णतेचे तडाखे बसले. 2023 च्या अखेरीपासून तिथला समुद्र पुन्हा महिनोनमहिने तापलेला राहिला आणि 2024 मध्ये प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातली चौथी मोठी प्रवाळ-विरंजनाची लाट जाहीर केली. हे दूरच्या बेटांचं दुखणं म्हणून सोडून देता येणार नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरही प्रवाळ आहे. मालवणच्या किनाऱ्याजवळ आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर, पाण्याखाली 20-25 मीटरवर एक भलंमोठं पठार आहे, त्यावर आहे. त्या पठाराला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे, आंग्रिया बँक. भिंती बांधणारं प्रवाळ आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. वाघाच्या पोटातल्या जंतांवर आपण अभ्यास करतो. या भिंतींच्या पोटातल्या जीवांवर करायला काय हरकत आहे?

हरकत पैशाची आहे, असं सांगितलं जातं. तर पैशाचं बोलू. माझ्या भावाचा नळाचा मुद्दा मी हलका मानत नाही. बादल्या भरून ठेवायच्या रात्री माझ्याही घरात असतात. पण शंभरएक किलोमीटरवरच्या उजनीत 117 टीएमसी पाणी मावतं. सोलापूरच्या नळाला रोज पाणी न येण्याचं कारण जलवाहिनी, वितरण आणि नियोजनात आहे. गोव्यात किंवा पोर्ट ब्लेअरमध्ये कुणी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलं म्हणून इथली तोटी कोरडी पडत नाही. या दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या करणं हा अन्याय आहे, तहानलेल्या माणसावरही आणि अभ्यासावरही. आपला देश संशोधन आणि विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के खर्च करतो, हा 2020-21 चा आकडा. एक टक्कासुद्धा नाही. एवढ्याशा भाकरीतही आधी ‘उपयोग’ दाखवणाऱ्याला वाढायचं म्हटलं, तर बाकीच्यांच्या ताटात पडणार काय?

2023 मध्ये संसदेने संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा केला. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये, आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून, उद्योगांकडून येणार, अशी ती मांडणी आहे. उद्योगांनी पैसा द्यावा, जरूर द्यावा. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथल्या कामाचं मोल बागायतदाराला समजावून सांगावं लागत नाही. तशा कामाला उद्योग पुढे येतील. पण प्रवाळाच्या पोटातल्या जीवासाठी कोणती कंपनी चेक फाडेल? कुठलीच नाही, आणि मी तिला दोष देणार नाही. कंपनीचं ते कामच नव्हे. म्हणूनच सरकारी पैसा तिथे जायला हवा जिथे दुसरा कुणी जाणार नाही. आपल्याकडे मात्र सरकारी पैशालाही कंपनीसारखाच हिशोब मागितला जातो, हे माझ्या तक्रारीचं मूळ आहे.

आणि ही तक्रार दिल्लीपुरती नाही. आपल्या जिल्ह्यातच बघा. ज्या प्रयोगशाळेत मी ती काचपट्टी रंगवली, तिथे तेव्हा 22 मायक्रोस्कोप होते आणि शुक्रवारी दुपारी मुलं स्वतः आणलेले नमुने बघायची. डबक्याचं पाणी, बेडकाचं आतडं, झुरळाचं पोट. झुरळाच्या पोटातही याच घराण्यातले ग्रेगरिन असतात, आणि ते हलताना पहिल्यांदा दिसले की मुलीसुद्धा किळस विसरून भिंगावर वाकायच्या. मी निवृत्त होईपर्यंत तिथलं प्राणिशास्त्राचं विशेष शिक्षण बंद झालं होतं. विद्यार्थी मिळत नाहीत, नोकऱ्या नाहीत, उपयोग नाही. मायक्रोस्कोप कपाटात गेले आणि भिंगांना बुरशी लागली. ज्यांनी बंद केलं त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण आज त्या तालुक्यात गाय तापली तर रक्ताची पट्टी वाचणारी किती माणसं उरलीत? प्रयोगशाळा बंद करताना हा हिशोब कुणी मांडला नाही.

पुष्कळांना वाटतं की समुद्रातल्या जीवांवर काम करायला समुद्र लागतो, बोट लागते, कोट्यवधींची यंत्रं लागतात. काही कामांना लागतात. 2021 मध्ये खोल समुद्रासाठी देशाने 4,077 कोटींची मोहीम मंजूर केली, ती अशाच कामांसाठी. पण या प्रवाळवासी जीवाच्या कहाणीत 2012 सालचं एक पान आहे ते वाचा. जगभरातल्या संशोधकांनी प्रवाळातले जिवाणू मोजण्यासाठी हजारो जनुकीय नोंदी गोळा करून सार्वजनिक साठ्यात ठेवल्या होत्या. हरितलवकं मूळची जिवाणूंची, त्यामुळे या जीवाच्या अवशेषाच्या नोंदीही त्याच ढिगात येऊन पडल्या होत्या, आणि जिवाणू मोजणारे त्या बाजूला काढत होते. काहींनी तो टाकलेला ढीग पुन्हा चाळला आणि त्यात मलेरियाच्या या नातेवाइकांचा माग लागला, तोही जगाच्या अनेक समुद्रांतून. तो साठा आजही खुला आहे. त्यासाठी फी नाही, व्हिसा नाही. साधा कॉम्प्युटर, इंटरनेट, आणि हातात हात धरून शिकवणारा एक शिक्षक. अक्कलकोटच्या किंवा माळशिरसच्या पोरीला हे काम करता येणार नाही असं कोण म्हणतं? तिला फक्त कुणीतरी सांगायला हवं की असा एक ढीग आहे, आणि तो चाळणं हे काम आहे, वेळेचा अपव्यय नाही.

म्हणून विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे आणि जिल्ह्यातल्या संस्थाचालकांकडे माझं मागणं अगदी छोटं आहे. प्रत्येक तालुक्यात निदान एका महाविद्यालयात परजीवीशास्त्राचं प्रात्यक्षिक पूर्ण वर्षभर चालू द्या. विद्यार्थी आठ आले तर आठांना शिकवा. पशुवैद्यकीय दवाखान्यांतून येणाऱ्या रक्ताच्या पट्ट्या तिथे वाचल्या जाऊ देत, आणि त्याच टेबलावर, त्याच मुलांना, प्रवाळातल्या जीवाच्या नोंदी चाळायला बसू द्या. एकीचा उपयोग दुसऱ्या दिवशी दिसेल. दुसरीचा कधी दिसेल ते विचारू नका.

मार्चमध्ये मी त्या कपाटातले चार मायक्रोस्कोप परवानगी काढून घरी आणले. भिंगांवरची बुरशी पुसायला दोन आठवडे गेले, एक भिंग कायमचं गेलेलं होतं. तीन चालतात. भावाने त्याच्या शेडच्या माडीवर जागा दिली आहे, वीजही त्याचीच. गेल्या रविवारी तो स्वतः वर आला आणि 1994 च्या त्या पट्टीवर वाकला. ती मी अजून जपून ठेवली आहे. रंग फिका पडलाय, पण अंगठ्या दिसतात. बराच वेळ बघून त्याने विचारलं, “ही आपल्या गायीची?” मी हो म्हणालो. मग त्याने स्वतःच भिंग थोडं सरकवलं आणि पुढची पेशी शोधायला लागला.